शर्यतीचा निकाल प्लाझ्मावर

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
ता. ९ ऑक्टोबर १९९९

चि. सौ. मंजुळास,
दामाजीदादाचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की तुझे यजमान उचलतात आणि माझा आवाज ऐकून ठेवून देतात, म्हणून पत्र. साखरपुड्यात ह्याच गोमाजीरावांनी लेकीच्या, सुमेधाच्या सासरच्यांना सांगितलं की एकसष्ट सालची नारळी पौर्णिमेची शर्यत डोंबिवलीकरांनी मारली आणि ठाणेकर मागून पाणी मोजत आले. डोंबिवलीच्या होडीत ते होते, पण ठाणेकरांच्या होडीचं सुकाणू माझ्या हातात होतं. मी ताटावरून उठलेलो, ते तू पाहिलंस. तुझं लग्न झाल्यापासून घरातल्या घरात ऐकून घेतलं, परक्यांसमोर ऐकणार नाही. निकाल लागल्याशिवाय मी लग्नाला येणार नाही.

पण निकाल आता लागेल. शिवराम मास्तरांनी त्या दिवशी आपल्या बंदरावरून छोट्या कॅमेऱ्याने फिल्म घेतली होती. त्यांच्या मुलीला माळ्यावर डबा सापडला, तिने व्हिडिओ कॅसेट करून दिली. घरच्या टीव्हीवर लावली तर होड्या बेडकासारख्या उड्या मारतात. सत्तावीस वर्षं मी टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवलं. चित्र वाहायला हवं, अडखळायला नको, एवढं मला कळतं. घोडबंदर रोडला मधुशेठच्या नव्या शोरूममध्ये भिंतीवर टांगायचा प्लाझ्मा टीव्ही आलाय आणि शेजारी शाळेच्या पाटीएवढा एलसीडी. घ्यायचा नाही, नुसता बघायचा आहे. दोन्ही तपासून कळवतो.

सुमेधाला पापा. तिच्या बापाला काही नाही.
तुझा दादा

मोठागाव, डोंबिवली
ता. १८ ऑक्टोबर १९९९

ती. दादास,
मंजुळाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी डाळीच्या डब्यात ठेवलेलं, तरी ह्यांनी शोधून वाचलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीची पँट चढवून ठाण्याला गेले. मला सांगितलं, दाढेचा डॉक्टर. आल्यावर दाढ राहिली बाजूला, तासभर एलसीडी या विषयावर बोलले. म्हणतात, एलसीडीवर आमच्या होडीचं नाक लख्ख पुढे दिसतं, आणि प्लाझ्मावर माणसांची तोंडं हिरवी होतात, तर असल्या टीव्हीवर विश्वास ठेवायचा कसा. मधुशेठकडे मास्तरांच्या मुलीने दिलेली दुसरी कॅसेट यांनीच पोचवली आहे.

दादा, अरे, भाचीच्या पाठीशी मामा उभा नसेल तर काय म्हणतील लोक. सुमेधा हसते, पण काल हळदीची यादी करताना तिने तुझं नाव लिहून खोडलं, परत लिहिलं. माझ्याकडे बघून तरी समजून घे.

तुझी माया आटू देऊ नकोस.
मंजुळा

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
ता. ३ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. मंजुळास आशीर्वाद.

एलसीडीची भानगड मी शोधून काढली. त्याच्यावर जे हलतं ते मागे शेपूट सोडतं. वल्हं पाण्याबाहेर आलं तरी त्याची सावली पाण्यातच. आमची होडी डांबर लावलेली, ती त्या शेपटांत विरघळते. गोमाजीरावांच्या होडीचं नाक चुन्याने रंगवलेलं, तेवढंच उरतं. प्लाझ्मावर वल्हं वर, वल्हं खाली, मधलं काही हरवत नाही. तोंडं जरा हिरवट होतात, मान्य आहे, पण शर्यत तोंडाने मारत नाहीत.

मात्र प्रकरण वाढलं. अर्धा कोळीवाडा शोरूममध्ये येऊ लागला. बाजारातून परतताना बाया माशांच्या पाट्यांसकट एसीत बसू लागल्या. डोंबिवलीहून गोमाजीरावांची माणसं आली. शेवटी मधुशेठने वेळा लावून दिल्या, सकाळी प्लाझ्मावाले, दुपारी एलसीडीवाले. शनिवारी दोन्हीकडचे एकदम आले, तेव्हा मी हात वर करून मतदान घेतलं. प्लाझ्मा सतरा, एलसीडी चौदा. मिक्सर घ्यायला आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी फ्रिजला मत दिलं.

त्यातच एक गिऱ्हाईक एलसीडी घेण्याच्या बेतात होतं. मी त्याला शेपूट दाखवलं. तो रिकाम्या हाताने गेला आणि मधुशेठने मला दुकानबंदी केली. दारावरच्या गुरख्याला माझा फोटो दिलाय. म्हणजे गोमाजीरावांना रान मोकळं. आता लग्नाचं तू मला विचारू नकोस.

राग आहे, तुझ्यावर नाही.
दादा

मोठागाव, डोंबिवली
ता. १२ नोव्हेंबर १९९९

ती. दादास,
मंजुळाचा सा. न. वि. वि.

काल मी स्वतः गेले. ह्यांना म्हटलं, तुम्ही दोघांनी बघून झालं, आता मी बघते. सुमेधालाही नेलं, हे मागोमाग आलेच. मधुशेठने हात जोडले, मी पण जोडले, आणि शेवटची एकदा म्हणून दोन्ही टीव्हींवर एकदम कॅसेट लावून घेतली.

तुम्ही सगळे वरच्या अंगाला बघत होतात, जिथे तुमच्या दोन होड्या आहेत. मला त्यात काय गोडी? मी खाली काठाकडे बघत होते. एलसीडीवर तिथे नुसतं पाणी फासलेलं. प्लाझ्मावर त्या पाण्यात एक ठिपका सरकताना दिसला. मग त्याला वल्हं फुटलं. मग वल्ह्यामागे बाई दिसली, पदर खोचलेली. दादा, ती आई होती. पुढे टोपल्यांवर एक पोरगी बसलेली, ती मी.

मग मला सगळं आठवलं. बाजाराला उशीर झाला होता, तुम्ही लोकांनी वाट अडवलेली, आणि आपली आई, ठमाबाई कोळीण, कुणासाठी थांबणारी नव्हती. शिव्या देत ती काठाकाठाने निघाली आणि पताकांच्या दोरीखालून तुमच्या दोघांच्याही आधी, दोन होड्यांचं अंतर राखून, पार झाली. ती दोरी म्हणजे निकाल, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. जन्मभर तुम्ही तिच्यासमोर भांडलात, पण तिला कुणी विचारलं नाही.

सुमेधाने टाळ्या वाजवल्या. हे खुर्चीत बसले, पाणी मागितलं, मग एलसीडीकडे पाठ करून प्लाझ्मावर दोनदा बघितलं. त्यांचं म्हणणं, होडी लहान होती, धरायची नाही. त्यावर दुकानातल्या सगळ्या बाया हसल्या.

तर निकाल लागला. जिंकलेल्या होडीतली एकटी मी उरलेय. माझं सांगणं, बारा डिसेंबरला सकाळी नऊच्या आत मांडवात ये.

वाट बघते.
मंजुळा

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
ता. १६ नोव्हेंबर १९९९

रा. रा. गोमाजीराव यांस,
दामाजीचा स. न. वि. वि.

तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, चूकभूल माफ असावी. मंजुळाने सगळं कळवलं. आपण दोघं हरलो. कितव्या नंबरावर कोण, ते मी आता विचारत नाही. लग्नाला मी आदल्या दिवशीच येतो. खुर्च्या, मांडव, जे काम असेल ते सांगा.

एक मागणं आहे. मधुशेठ मला आत घेणार नाही, पण तुमचं ऐकेल. मी एलसीडीची निंदा करणार नाही, गिऱ्हाइकांशी बोलणार नाही, तुम्ही म्हणाल तिथे उभा राहीन. आपल्या होड्या मला बघायच्या नाहीत. आईचा एकही फोटो घरात नाही, ती काढूच द्यायची नाही. वल्हं मारताना ती खांदा कसा टाकायची, ते मी विसरलेलो. आपण दोघं जाऊ, तेवढाच तुकडा लावायला सांगू. प्लाझ्मावर.

या गुरुवारी जमेल का? मी शोरूमबाहेर, रस्त्याच्या पलीकडे थांबतो.

आजवर होता तेवढा राग पुरे. पुढे माया करावी.
आपला,
दामाजी