घराबाहेर कोण जाणार

आय, काल तुमच्या नातीची हळद झाली. शिरवण्यात, आपल्याच दारात मांडव घातला होता, आणि मी इतकी नाचले की आज पाय उचलवत नाहीत. धवले गायला तुमच्या बहिणीची सून आली होती. गळा गोड आहे तिचा, पण दम नाही. तुम्ही लग्नात धवले गायला बसलात की बँडवाले आपोआप गप्प व्हायचे. बाया रात्रभर तुमच्याच गोष्टी काढून हसत होत्या. मी हसता हसता मधेच आत जाऊन डोळे पुसून आले.

मी देशावरची, लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हा ऐरोलीला नोकरीला होते. तुमचा मुलगा रोज मला न्यायला ऑफिसच्या गेटवर उभा असायचा. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस. मलाही तसंच वाटायचं. मग तो विचारायला लागला, लिफ्टमधून सोबत कोण उतरला. मग आईशी फोनवर बोलायचं ते त्याच्यासमोरच. एक दिवस त्याचा फोन उचलायला उशीर झाला म्हणून त्याने माझा मोबाइल भिंतीवर आपटला, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून भारी मोबाइल आणून दिला. मी तो सगळ्यांना कौतुकाने दाखवला. पुढे भरलं ताट आपटलं, तेव्हा नुसता गजरा आला. मुलगी झाल्यावर त्याने मला दारावर ढकललं, बांगडी फुटून मनगटात घुसली, आणि त्यानंतर काहीच आलं नाही. उलट माफी मीच मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मोरीपाशी कोलंबी सोलत होता. मी मनगट पदराखाली धरून म्हटलं, त्यांना राग आवरत नाही, मनाने वाईट नाहीत. तुम्ही वर न बघता विचारलंत, "साहेबाला कवा मारलान त्यानी? रिक्षावाल्याला? तिथं बरा आवरतो राग." मग हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसलात. तुमचा नवराही असाच सुरू झाला होता, हे मला पहिल्यांदा कळलं. तुम्ही म्हणालात, "पयले फोन आपटला, मंग ताट, मंग तुला. आता तो मागं नाय जायाचा, पुढंच जानार. मी हा रस्ता चाललेली हाय."

मी म्हटलं, मग मी माहेरी जाते, आजच त्यांना सांगते. त्यावर तुम्ही मला पहिल्यांदा रागावलात. एकटीने त्याला काही सांगायचं नाही, म्हणालात, बाई निघते तेव्हाच पुरुष जास्त चवताळतो. मला आणि पोरीला तुम्ही तुमच्या बहिणीकडे ठेवलंत, आणि तुमच्या दोन्ही भावांना घरी बोलावून घेतलंत. तो कामावरून आला तर दारात त्याच्या कपड्यांची बॅग. तो ओरडला, तिला जायचं तर जाऊ दे. घर तुमच्या नावावर होतं. मामांनी नंतर सांगितलं, तुम्ही आवाजही चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "ती नाय. तू."

पोलीस चौकीतही तुम्ही माझ्या बाजूला बसलात आणि पोटच्या मुलाविरुद्ध जबाब दिलात. तो कितीतरी दिवस गल्लीच्या तोंडाशी शिव्या देत उभा राहायचा, तेव्हा तुम्ही मला स्टॉपपर्यंत सोडायला यायचात, हातात कोयता, नारळ सोलायला निघाल्यासारख्या. पण त्या दिवसांत मी ताट वाढायचे, तुम्ही चिवडायचात. एका संध्याकाळी पोरीला न्हाऊ घालताना तुम्ही गुणगुणलात, आणि मी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता थांबले. त्या दिवशी तुम्ही दोन भाकऱ्या खाल्ल्यात.

आता जावयाचं सांगते. साखरपुड्यानंतर तो घरी आला होता. पोरीने त्याला सांगितलं, लग्नानंतर माझी शिफ्ट बदलणार नाही, आणि मैत्रिणींबरोबर गोव्यालाही जाणार. त्याचं तोंड पडलं. मी गाळणं हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले, चहा उतू गेला. तो म्हणाला, "मला आवडलं नाही. पण जा. येताना काजू आण." तिने काजू स्वतःच्या पैशाने का आणायचे यावर दोघं तासभर भांडली, मोठमोठ्याने, आणि मला एकदाही भीती वाटली नाही. घरातलं भांडण इतकं आनंदाने मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. तरी महिनोन्‌महिने मी त्याच्यावर नजर ठेवली, हे त्याला कळलंय. काल हळदीत तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, पास झालो का?" मी त्याच्या तोंडाला मूठभर हळद फासली.

बाहेर लग्नाला निघायची घाई चाललीय, मला जायला हवं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक लिहून टाकते. तोंडाने मी तुम्हाला कायम अहो-जाहो केलं, सासू म्हणून. मनात मात्र त्या कोलंबीच्या सकाळपासून मी तुला तूच म्हणत आले, आय.