मनपेटीचं कुलूप

सोमवार, १० नोव्हेंबर

परत बॅनर! इंदापूरच्या खोलीत पेटी ठेवायला धड टेबल नाही, खिडकीत ठेवलीय. पण बॅनर आला बारा फुटी. वर लिहिलंय — मन मोकळं करा. खाली पाहुण्या साहेबांचा फोटो, पेटीपेक्षा मोठा. मन कुणाचं मोकळं करायचं, साहेबांचं?

स्वरूपाताईला तसं म्हणालो. ती आमच्या गटाची सगळं बघणारी. बारामतीची खोली, इंदापूरची खोली, रक्तदान, झाडं, पोरांशी बोलणं, सगळं तिच्याच डोक्यावर. ती म्हणाली, "विजू, खिळे आण."

पेटी म्हणजे लाल पत्र्याचा डबा, मनपेटी. ज्याला तोंडानं बोलता येत नाही त्यानं चिठ्ठी लिहून टाकायची. आम्ही वाचायची, त्याला जाऊन भेटायचं. एवढं सोपं काम! पण जुलैपासून पेटी उघडलेलीच नाही. का? तर पाहुण्याच्या हातानं उघडायची, नारळ फोडून. आणि पाहुण्याला वेळ नाही.

उद्या संध्याकाळी पाचला ग्राउंडवर लखनची वेळ लावायची आहे. पोलीस भरतीचा आहे तो. दोनदा गेला, दोनदा पळण्यात राहिला. सोळाशे मीटर. म्हणाला, "दादा, घड्याळ तूच धर. बाकीची पोरं हसत्यात."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मोरगावला आहे! कसा आलो ते लिहितो. बारामतीच्या खोलीतलं काम उरकून तिथल्या स्टँडवर इंदापूर गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या गाडीपाशी एक म्हातारी कंडक्टरशी भांडत होती, कडेवर शेळीचं करडू. कंडक्टर म्हणतो पिशवीत घाल. म्हातारी म्हणते, "तुझं पोर घालतो का पिशवीत?" मी मधे पडलो. करडू मीच घेतो म्हणालो. चढलो, बसलो, त्यानं माझ्या शर्टाची दोन बटणं खाल्ली, तोवर गाडी सुटली. गोजरबाई नाव म्हातारीचं. घरी नेऊन ताजी भाकरी दिली, वर ठेचा. असली भाकरी वर्षात खाल्ली नव्हती.

पाच इथंच वाजले. लखनला उद्या भेटतो. ग्राउंड काय पळून जातंय!

बुधवार, १२ नोव्हेंबर

इंदापूर. दुपारी लखन खोलीवर आला. मी बॅनरचे खिळे ठोकत होतो, शिडीवर. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला, पेटीत टाकला आणि चालू लागला. मी वरूनच हाक मारली, "काय फौजदार! आज किती मिनिटं?" मागं वळून बघितलं नाही.

ऐकू गेलं नसेल. रस्त्यावर ट्रकांचा काय आवाज असतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

तीन दिवस लखन ग्राउंडवर नाही. शेवटी त्याच्या घरी गेलो. त्याची आई सारजामावशी गवताचा भारा सोडत होती.

"वालचंदनगरला गेलाय, मामाकडं. तिथल्या कारखान्याच्या कॉर्टरमधी," ती म्हणाली. "फोन उचलत न्हाय. मामा म्हणतो, जेवत न्हाय, भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हातो. तुमच्यात काय झालं का रं बाळा?"

"नाय मावशी."

"मग बूट का ठेवून गेला?"

दारामागं बूट होते. पळायचे, निळे. गेल्या दिवाळीत घेतलेले, रोज ओल्या फडक्यानं पुसायचा. ते ठेवून गेला!

माझं डोकंच फिरलं. त्या चिठ्ठीत काहीतरी आहे. ती पेटीत आहे. पेटीला कुलूप. कुलपाची चावी स्वरूपाताईच्या पर्समध्ये. आणि पर्स साहेबांच्या तारखेची वाट बघतेय! पोरगं तिकडं भिंतीकडं तोंड करून पडलंय आणि आम्ही हिकडं नारळ शोधतोय!

रविवार, १६ नोव्हेंबर

बारामतीला जाऊन ताईशी भांडलो. सगळ्यांसमोर. तिच्यासमोर रक्तदानाच्या याद्या होत्या, त्या टेबलावरनं उडाल्या. (पंखा चालू होता. मी उडवल्या नाहीत.)

"चावी दे."

"नाही."

"तिथं एक पोरगं —"

"विजू, दोन वर्षांमागची पोरगी विसरलास? आपल्याच एकानं तिची चिठ्ठी वाचली आणि चहाच्या टपरीवर बोलला. ती अजून कॉलेजला येत नाही. म्हणून कुलूप सगळ्यांसमोर उघडायचं. कुणी आधी हात लावला नाही, हे पोरांना दिसलं पाहिजे."

"आणि तोवर?"

ती खाली वाकून याद्या गोळा करायला लागली. मी वाकलो नाही. राग आला की मला वाकता येत नाही.

बस बस म्हणत होती, चहा सांगते. नको तुझा चहा!

सोमवार, १७ नोव्हेंबर

साहेबांची तारीख परत पुढं. आता अठ्ठावीस. लग्नसराई आहे म्हणे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळीच पेटी पोत्यात घालून अल्ताफभाईच्या दुकानात गेलो. इंदापूरला बाजाराच्या मागं त्यांचं वेल्डिंगचं दुकान. पेटी त्यांनीच बनवलीय, गटाला भेट म्हणून. मी म्हणालो कुलूप फोडा.

त्यांनी काळा चष्मा कपाळावर चढवला. "चोरून आणली का?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे येड्या, मग पेटी कशाला फोडतो? मामाचं घर गाठ की! तास-दीड तासाचा रस्ता हाय."

"चिठ्ठीत काय आहे कळल्याशिवाय जाऊन बोलू काय?"

"जेवला का, असं इचारायचं. त्याला चिठ्ठी लागती व्हय?"

मला त्यांचाही राग आला. आठवडाभर मला सगळ्यांचाच राग येतोय. हातोडी मीच उचलली. त्यांनी हिसकावून घेतली. "कुलपाला हात लावू नको. बिजागरीची सळई काढतो. परत बसवता येती."

सळई निम्मी आली आणि दारात स्वरूपाताई. खोलीत पेटी नाही असं कुणीतरी फोन करून सांगितलं असणार. आता ओरडेल म्हणून मी तयारच होतो, दोन-तीन शिव्या तोंडात धरून.

ती ओरडली नाही. लोखंडाच्या चुऱ्यातच खाली बसली, ओढणी पसरली. म्हणाली, "ओत. पहिल्यापासनं नियम दोघांनी मिळून चिठ्ठ्या वाचायचा होता. नारळ मी घातला त्यात."

अल्ताफभाई बाहेर जाऊन उभे राहिले, रस्त्याकडं तोंड करून. दुकानात कुणाला येऊ दिलं नाही.

एकतीस चिठ्ठ्या. एकीवर लिहिलेलं — परवा पेपर आहे, छातीत धडधडतं, कुणीतरी बोला माझ्याशी. खाली तारीख, ऑगस्टमधली. पेपर झाला, निकालही लागला असेल! ताईनं ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग मांडीवर ठेवली आणि नुसती हातानं सारखी करत राहिली. मी म्हणालो, "बघ! बघ आता!" फार जोरात म्हणालो. बाहेर अल्ताफभाई वळले.

लखनची तिलाच सापडली. तिनं वाचली. माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात दिली.

आता लिहवत नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

चिठ्ठी इथं उतरवून ठेवतो. मूळ कागद त्याचा त्याला देणार.

'मंगळवारी पाचला विजूदादा येणार होता. अंधार पडेपर्यंत थांबलो. गुडघा गेलाय, डॉक्टर म्हणतात पळायचं बंद. घरात सगळे फौजदार म्हणतात, त्यांना कसं सांगू. दादाला सांगणार होतो. तो आला नाही म्हणून डब्याला सांगतो. डब्याचं उत्तर किती दिवसांनी येतं?'

वालचंदनगरच्या गाडीत बसलोय. मधे कुठंही उतरणार नाही.