माझ्या खुणेचे सहा बाण

४ सप्टेंबर

पुन्हा डावीकडे. सहाच्या सहा! गवताच्या गठ्ठ्याची डावी कड उंदरानं कुरतडल्यासारखी झाली आहे आणि मधला कागद कोरा. दोरी बदलून पाहिली. पिसं किटलीच्या वाफेवर धरून सारखी केली. फरक नाही. यंदाचं बाणाचं देवदारच खराब आलं आहे, फार ताठ. पूर्वी काडी बोटात फिरवली की कळायची. आता कोण काय पाठवतं कुणास ठाऊक.

हरणाची शिकार एक ऑक्टोबरला उघडते. आदल्या दिवशी रेइनो ताटली घेऊन येणार. नियम आम्हीच केलेला, लाकूडतोडीच्या छावणीत होतो तेव्हाचा — वीस पावलांवरून पत्र्याच्या ताटलीत बाण बसले नाहीत तर त्या वर्षी जंगलात पाऊल टाकायचं नाही. जखमी जनावर रात्रभर कण्हत पडायला नको म्हणून. गेल्या साली माझा एक बाण ताटलीच्या कडेला घासून गेला. रेइनो म्हणाला, "वाजली ना? मग लागली." यंदा वाजणारसुद्धा नाही.

हेल्मीनं खिडकीतून हाक मारली — जेवून घे, गठ्ठा काही पळून जात नाही. बायकोला सगळं सोपं वाटतं.

७ सप्टेंबर

रेइनो आला होता. खांदा दुखतोय म्हणाला, तू मार, मी बघतो. बघत उभा राहिला, खिशात हात घालून, माझ्या बाजूला. गठ्ठ्याकडे बघावं की नाही माणसानं? हा माझ्याकडे बघतोय! मला घाम फुटला. मग नातीचा कॅमेरा काढला. "जरा ओढून धर. फोटो तिरंदाजी क्लबाच्या भिंतीला लावू." मी धरलं. चांगला सदरा तरी घालू द्यायचा.

नंतर कॉफी. आम्ही दोघं अजून बशीत ओततो आणि साखरेचा खडा दातात धरून पितो. हेल्मीचा वेलदोड्याचा गोड पाव त्यानं तीन वेळा घेतला. बाणांबद्दल अवाक्षर नाही. एरवी बोलायला लागला की थांबत नाही.

८ सप्टेंबर

चांगला सदरा असता तर बरं झालं असतं.

१२ सप्टेंबर

खाद्याच्या दुकानात मक्याची पोती घ्यायला गेलो. दुकानदार सहज म्हणाला, रेइनोची गाडी हल्ली रोज प्रॅटच्या दारात दिसते.

प्रॅट म्हणजे ऑरिन प्रॅट. मोठ्या पुलाच्या दक्षिणेकडचा, म्हणजे बाहेरचा. तिकडे शाळेत विज्ञान शिकवायचा, निवृत्त होऊन इथे तळ्याकाठी घर बांधलं. चष्मा दोरीनं गळ्यात. बाण बनवतो! काडी दोन खुंट्यांवर ठेवतो, मधोमध वजन लटकवतो आणि किती वाकली ते तक्त्यात बघतो. मी सहावीत शाळा सोडली. अंगठ्यानं दाबून सांगतो.

रेइनोचे बाण चाळीस वर्षं मी करतो. त्याचं धनुष्य आणि माझं एकाच लाकडातून निघालेलं, भावंडं आहेत. दोरीचा ओढा तोच, तेच बाण, टोकाला तेच सव्वाशे ग्रेन वजनाचं लोखंड. काड्यांच्या एकाच जुडीतून निम्मे त्याचे, निम्मे माझे. फक्त खूण वेगळी — त्याच्या दोन पिवळ्या रेघा, माझ्या एक तांबडी दोन काळ्या.

मग प्रॅटकडे काय आहे?

१३ सप्टेंबर

झोप नाही. हेल्मीला विचारलं, तुला काही बोलला का रेइनो? म्हणाली, "मला कशाला बोलेल?" पण तिनं भांडी जरा जास्तच घासली.

१५ सप्टेंबर

आज मी प्रॅटच्या घरावरून गेलो. मुद्दाम नाही. रस्ता तिकडूनच जातो. (तसा नाही जात.)

गाडी होती. आत दिवा, दोन डोकी बाकावर वाकलेली. रेइनो हसत होता. करवतीच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला तो, अशी आमची जवानी गेली. बर्फात, उपाशी, एकमेकांशी न बोलता कळायचं की आता पाचर मारायची. तो मनुष्य माझ्याशिवाय दुसऱ्याच्या बाकावर हसतोय!

एवढा म्हातारा झालो आणि पोरीसारखा जळतोय. लाज वाटते. तरी जळतोय.

१८ सप्टेंबर

क्लबात प्रॅट स्वतः येऊन बोलला. फार अदबीनं. अदब हीच त्याची खोड. म्हणाला, "तैस्तो, तुमच्या रेघा किती बारीक येतात. कुंचला कुठला वापरता?" मी म्हटलं, खारीच्या शेपटीचा. खोटं होतं. नात्याचा ना गोत्याचा, त्याला माझ्या कुंचल्याशी काय करायचं आहे?

फोटो भिंतीवर नव्हता. विचारलं नाही मी. विचारणारही नाही.

१९ सप्टेंबर

सहा मारले. पाच डावीकडे, एक सापडलाच नाही.

२१ सप्टेंबर

हळू लिहितो.

रविवार म्हणून सौनाची खोली तापवली. रेइनो नेहमीसारखा आला. तो आत वाफ घेत होता, मी लाकडं आणायला बाहेर आलो. त्याच्या गाडीच्या मागच्या भागात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही होतं. एक कोपरा सुटलेला. नवे बाण. सहा. उचलून उजेडात धरला.

एक तांबडी, दोन काळ्या.

माझी खूण! माझी! प्रॅटनं माझी खूण चोरली आणि रेइनोनं चोरू दिली! म्हणून कुंचला विचारत होता तो चोर. बाण त्याच्या हातचे आणि रेघा माझ्या. उद्या मी मेलो तर कुणाला कळणारसुद्धा नाही की मी मेलोय. बाण मिळत राहतील.

एक उचलून कोटात लपवला. मग आत जाऊन रेइनोच्या शेजारी बसलो, उघडाबागडा, आणि त्यानं दगडांवर पाणी टाकलं. "गप्प का रे म्हाताऱ्या?" म्हणाला. म्हटलं, वाफ फार आहे.

२२ सप्टेंबर

बाण तपासला. चोराचा माल असला तरी लाकूड खोटं बोलत नाही.

टोक छर्‍याचं वजन करायच्या काट्यावर टाकलं. एकशे नव्वद! आमच्यापेक्षा पासष्ट ग्रेन जड. आणि काडी अंगठ्याखाली दबते, आमच्यापेक्षा दोन पायऱ्या मऊ. मला हसूच आलं. नंतर हसू गेलं.

हे मी निम्म्या तालुक्याला शिकवलंय. बाण सुटतो तेव्हा दोरी त्याला मागून ढकलते आणि तो माशासारखा वाकून धनुष्याला वळसा घालतो. फार ताठ असला तर वाकत नाही, डावीकडे जातो. फार मऊ असला तर उजवीकडे. टोक जड केलं की तोच बाण जास्त वाकतो. म्हणून जड टोक आणि मऊ काडी कुणाला द्यायची? ज्याचं धनुष्य हलकं आहे त्याला. किंवा ज्याच्यानं ते पुरतं ओढवत नाही त्याला. अर्धवट ओढलेली दोरी जोरानं ढकलत नाही, मग चांगला बाणसुद्धा तिला ताठ पडतो.

हा अर्धवट ओढणाऱ्याचा बाण आहे. दोनेक इंच कमी.

रेइनो! खांदा दुखतोय म्हणत होता. म्हणून माझ्यासमोर एकही बाण मारला नाही. मला सांगायची लाज वाटली, म्हणून परक्याकडे गेला. आणि माझी खूण का, तर लोकांना वाटावं की तो अजून तैस्तोचेच मारतो. अरे वेड्या. माझ्याकडे यायचं होतंस. मी काय हसलो असतो?

(थोडा हसलो असतो.)

२३ सप्टेंबर

आज फार बरं वाटलं. हेल्मीला सफरचंदं काढून दिली. वाईट वाटतंय रेइनोचं, पण बरंही वाटतंय. दोन्ही कसं वाटतं कळत नाही. तो थकला, मी नाही. लाकूड तेवढं खराब निघालं माझं.

२५ सप्टेंबर

मटण भरून भाजलेल्या घडीच्या पोळ्या हेल्मीनं रेइनोकडे द्यायला दिल्या. मनात वाक्यं जुळवत गेलो — खांदा काय रे, सगळ्यांनाच होतं एकदा. घराच्या मागून ठक् ठक् आवाज. रेइनो गठ्ठ्याला बाण मारत होता! पिवळ्या रेघांचे. माझ्या हातचे, याच वर्षीच्या लाकडाचे. भिंतीआड उभा राहून बघितलं. हात ओठाच्या कोपऱ्याला टेकला, टेकून थांबला, सुटला. पुरता अठ्ठावीस इंच. खांदा गाढवासारखा ठणठणीत. बाण मधोमध.

पोळ्या पायरीवर ठेवून परत आलो.

म्हणजे? मऊ बाण त्याच्यासाठी नाहीत? की आहेत आणि प्रॅट चुकला?

प्रॅट चुकला! तक्ते, वजनं, चष्मे, आणि पुरतं ओढणाऱ्या माणसाला दुबळ्याचे बाण करून दिले! पडतील सगळे उजवीकडे झुडपात. सिद्ध करतो. माझं धनुष्य त्याच्या धनुष्याचं भावंड. हा लपवलेला बाण त्याच्यावरून सोडतो, तो उजवीकडे जाताना हेल्मीला दाखवतो, आणि मग रेइनोला घेऊन येतो. म्हणतो, बघ तुझा मास्तर.

२६ सप्टेंबर

पाऊस. पिसं भिजायला नकोत.

२७ सप्टेंबर

मधोमध.

पुन्हा मारला. मधोमध. वारा असेल म्हणून थांबलो. वारा नव्हता. तिसऱ्यांदा बाण पहिल्याच भोकात गेला. आधी मला आनंद झाला, हे लिहून ठेवतो. चांगला गेलेला बाण बघून मला नेहमी आनंद होतो. मग धनुष्य गवतावर ठेवून बसलो.

हेल्मी दोरीवरचे कपडे काढत होती. तिला म्हटलं, मी ओढतो, तू इकडे येऊन बघ, माझा हात कुठे लागतो. ती आली नाही. तिथूनच म्हणाली, "कुठेच लागत नाही. ओठाला लागायचा तो गेल्या सालापासून लागत नाही. तुला वाटतं लागतो."

"मग बोलली का नाहीस?"

"रेइनो म्हणाला, मी बघतो काय ते."

चादरीची घडी घालून आत गेली.

तो फोटो भिंतीसाठी नव्हता. फोटोत बाण किती बाहेर राहिला ते मोजता येतं.

२८ सप्टेंबर

काही नाही. लाकडं फोडली. थांबत थांबत.

२९ सप्टेंबर

रागवावं का, ते दिवसभर ठरवत होतो. चोरून माझा भाता बदलणार होते! दोघं मिळून! मी कोण, कुकुलं बाळ? प्रॅटच्या रेघा बघितल्या पुन्हा. तांबडी जरा जाड आली आहे. पण तीन-चारदा पुसून काढली असणार, खाली पुसट डाग आहेत. खारीच्या शेपटीनं कशी येईल बारीक!

खरा कुंचला एका कागदात गुंडाळून त्याच्या टपालपेटीत ठेवून आलो. चिठ्ठी नाही.

तो एक बाण फडक्यानं पुसून माझ्या भात्यात ठेवला.

३० सप्टेंबर

रेइनो ताटली घेऊन आला, कोट घट्ट गुंडाळून, काखेत काहीतरी. भाता व्हरांड्यात टांगलेला होता. मी म्हटलं, ताटली मी ठोकतो. गठ्ठ्यापाशी गेलो, पाठ केली आणि एक खिळा जितका वेळ ठोकता येतो तितका ठोकला.

परत आलो तेव्हा तो भात्यात हात घालून तसाच उभा होता. सहावा त्याला सापडला होता.

"हा इथे कसा?" म्हणाला.

"तुझा एक कमी पडत होता ना?"

त्यानं नाक पुसलं. "मार आता. कॉफी निवते."

बाण लावला. ओढलं. जितकं येतं तितकंच.