डाव्या गालावरची सावली

५ मार्च, रविवार
मेहुणीने काढलेलं आमच्या चिऊचं चित्र आज पूर्ण झालं. महिनाभर दर रविवारी आमच्याच हॉलमध्ये बैठक. नऊ वर्षांची पोर, पण जागची हलली नाही. शिस्त माझी. चित्र बरं आहे, पण अर्धा चेहरा काळोखात. म्हटलं, उजेड वाढव. मेहुणी म्हणाली, होता तेवढा काढलाय. कलाकारांना सूचना सोसत नाहीत.

७ मार्च
येत्या रविवारी वाचनालयातल्या प्रदर्शनात या चित्रावर दहा मिनिटं मी बोलणार. बोलावलं असं नाही, मीच सुचवलं. चित्र कसं पाहावं याचा दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलाय. (पहिला दिवस.)
संकल्प : तोवर चिऊवर ओरडायचं नाही. चिंतनाला शांतता लागते.

८ मार्च, सकाळी ७
ओरडलो. डबा विसरत होती. हे धरायचं नाही. समजावताना आवाज चढला, इतकंच.

१० मार्च
सापडलं! सावली ही चूक नाही, अर्थ आहे. उजेड म्हणजे बालपण, सावली म्हणजे पुढचं निष्ठुर जग. हनुवटीखाली सावलीला चौकोनी कोपरा आहे. ते बंद दार! अंगावर काटा आला. बायको म्हणाली, तिलाच विचारा ना. म्हटलं, चित्रकाराला स्वतःच्या चित्रातलं काय कळतं!

१२ मार्च, संध्याकाळ
चाळीस माणसं. बावीस मिनिटं बोललो. शेवटी, या निष्पाप मुखावर कोणाची छाया आहे, असं विचारून पॉज घेतला.
चिऊने हात वर केला. म्हणाली, बाबांची. मावशी चित्र काढताना बाबा खिडकीत उभे राहून माझी गणिताची वही तपासायचे, चुका मोठ्याने वाचायचे. तो कोपरा वहीचा.
तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं. लोक हसले. मीही हसलो. मेहुणी हसली नाही.

१३ मार्च
ऑफिसात घसा बसल्याचं सांगून गप्प राहिलो. खरं म्हणजे लाज वाटते. हॉलला खिडकी एकच, मी उभं तरी कुठे राहायचं? पण चित्रातली चिऊ वहीकडे बघतेय. इतके दिवस अर्थ लावत बसलो, पोरीचे डोळे पाहिले नाहीत.

१९ मार्च, रविवार
चिऊ गणितं करत होती. वही मागितली नाही. खिडकीतून मुद्दाम बाजूला झालो. तिच्या तोंडावर लख्ख ऊन आलं. दचकून तिने वर पाहिलं आणि विचारलं, बाबा, काय चुकलं?