मागचे डबे उल्मला

११ नोव्हेंबर
पोळ्या लाटताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. ऑग्सबुर्ग स्टेशनचा लाइव्ह कॅमेरा. फलाटावरच्या घड्याळाखाली मुक्ता, अंगावर मी विणलेली लाल शाल. हात केला नि गाडीत चढली. पोरगी इथून, आखातातून, जर्मनीला शिकायला गेल्यापासून हीच माझी सकाळची पूजा. तिचा बाप सुधीर मुसफ्फाच्या वर्कशॉपमधून फोन करून चिडवतो, "झालं का दर्शन?" झालं बाबा, तू वेल्डिंग बघ!

गाडीची तऱ्हाच और. म्युनिकहून अख्खी येते, ऑग्सबुर्गला तुटते. पुढचे डबे डोनाव्योर्टला, मागचे उल्मला. मुक्ताचं कॉलेज उल्मला. शंभरदा बजावलंय, मागे बस गं बाई.

१८ नोव्हेंबर
बसलीच पुढे! फोनच्या नादात, तोही माझ्याशीच. "अगं मागे, मागे!" मी ओरडतेय. "ओ नो, मॉम!" आणि फोन कट. दारं मिटली. पुढचे डबे गेले, मागून मागचेही गेले.

तासाभराने फोन. "रिलॅक्स मॉम, आय जस्ट मेड इट. उतरून मागे पळाले ना."

जीव भांड्यात पडला. पण मी बघत होते की. पुढच्या डब्यातून कुणीच उतरलं नाही.

सुधीर म्हणे व्हिडिओ मध्येच अडकतो. असेल.

२ डिसें.
मुक्ताला ताप. खोलीतूनच व्हिडिओ कॉल, नाक लाल, आवाज बसलेला. आल्याचा काढा घे म्हटलं. "येस मॉम."

कॉल ठेवला आणि सवयीने कॅमेरा लावला. डोनाव्योर्टहून गाडी आली, तिच्यातून लाल शाल उतरली. घड्याळाखाली येऊन उभी राहिली. हात केला नाही. नुसती वर, कॅमेऱ्याकडे बघत.

पोळी करपली.

मुक्ताला पुन्हा फोन. शाल कुठंय? "लॉस्ट इट, मॉम. त्या दिवशी ट्रेनमध्ये राहिली."

म्हणजे कुणालातरी सापडली. सुधीरही तेच म्हणाला. मग ती चालण्याची ढब मुक्ताचीच कशी? एक खांदा पाडून?

२१ डिसें.
मुक्ता आली!! खलिफा सिटीचं हे घर तीन महिने नुसतं ओकंबोकं झालं होतं. एसी सोळावर, ओले टॉवेल पलंगावर, आमटीत गूळ जास्त म्हणून कटकट. माझीच की. कसले कसले विचार करते मी, लाज वाटली.

२६ डिसें.
न राहवून तिला कॅमेरा दाखवला. शाल उभीच होती. मुक्ता बराच वेळ बघत राहिली. मग फोन पालथा ठेवला.

"रोज बघत जाऊ नकोस, आई."

स्वच्छ मराठीत. माझी मुलगी, जिच्याशी मराठीत बोललं तर अर्धं उत्तर इंग्रजीत येतं.

४ जाने.
गेली. घरातून कुणी निघालं की मी हातावर दही घालते. मुक्ता तर शाळेच्या बसला पळतानाही फोनमध्ये तोंड घालून, न बघता डावा तळहात पुढे करायची. सप्टेंबरात निघतानाही तसंच. दही चाटलं, हात माझ्याच पदराला पुसला.

आज वाटी घेऊन दारात उभी. सुधीर गाडीतून हॉर्न वाजवतोय, "यल्ला यल्ला, चल लवकर, फ्लाइट थांबणार नाही!"

"नो मॉम, आय ॲम ओके." आणि बॅग ओढत गेली. वळूनही बघितलं नाही.

दही तसंच फ्रीजमध्ये ठेवलं. रडूच आलं मेलं.

५ जाने.
मुक्ताचा फोन. "मॉम, आय ॲम अंडर द क्लॉक. बघ ना."

बघितलं. नवं काळं जॅकेट, कानाला फोन, हात हलवतेय. तिच्यामागे दोन पावलांवर लाल शाल. मान खाली. डावा हात पुढे, तळवा उघडा.

"मॉम? आर यू देअर?"

गाडी आली. तुटली. काळं जॅकेट मागच्या डब्यात बसलं. दोन्ही तुकडे गेले, फलाट रिकामा झाला. तो हात तसाच पुढे. थंडीत. कुणी काही घालेना त्यावर.

सुधीरला फोन केला. मला ऑग्सबुर्गला जायचंय, व्हिसाचं बघ.

"अगं वेडी का तू? पोरगी काल तर गेली. इतक्यात भेटायला?"

भेटायला नाही, म्हटलं. आणायला.