कॅलेंडरातले पेन्सिलीचे ठिपके

बाबा, तुमची कॅलेंडरं मी काल माळ्यावरून खाली काढली. आईच्या जुन्या पातळात गुंडाळलेली होती, आणि तुम्ही लावलेले रबर कागदाला चिकटून त्यांचे तुकडे पडले होते. तुमची आठवण आली म्हणून काढली असं म्हणायला छान वाटलं असतं, पण तसं नाही. तुमचे कंपनीचे शेअर विकायला काढलेत. इथले पेणचे सीए म्हणाले, वडिलांना मिळाले त्या वेळचा खरा भाव कुठे लिहिलेला असेल तर बघा, इंटरनेटवर दिसतो तो तसाच्या तसा धरून चालणार नाही. ते सहज बोलले आणि मला एक रविवार आठवला. मान खाली घालून मी म्हटलं, असेल, बघते.

तुमची पद्धत मला पाठ होती. कंपनीने कामगारांना शेअर दिले तेव्हा बहुतेकांनी ते कागद कपाटात टाकले आणि विसरून गेले. तुम्ही मात्र रोज रोह्याला कँटीनमध्ये जेवण झालं की पेपरचं शेवटून दुसरं पान उघडायचात, तळहातावर बॉलपेनने आकडा लिहायचात आणि तो हात धुवायचा टाळत कंपनीच्या बसने नागोठणे, वडखळ करत पेणला यायचात. घरात शिरल्यावर चप्पल काढायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा उतरवायचा. पेपरात भाव कालचा असतो म्हणून तो कालच्याच चौकोनात. बाजार बंद असेल त्या दिवशी फुली. त्याच चौकोनात आईच्या दुधाच्या रेघा असायच्या. ती ओरडायची, "माज्या दुधाला जागा ठेवा व्हो जरा!" तुम्ही हसून आकडा आणखी बारीक काढायचात. पुराचं पाणी नागोठण्यात शिरून बस अडकली तर तेही तिथेच लिहिलेलं, आणि प्लांट बंद पडला तर तेही. एकदा म्हणाला होतात, "आज आमचा प्लांट दिवसभर बंद, आणि भाव वर गेलाय बघ. मुंबईवाल्यांना कोण सांगणार?" भाव विकण्यासाठी बघायचा असतो असं तुम्हाला वाटतच नसे. आपली कंपनी लोकांना कशी दिसते, ते तुम्ही बघत होतात.

आता तो रविवार. मी नुकतीच कॉलेजात कॉमर्स शिकवायला लागले होते. नवी नोकरी, पहिल्या पगारातून घेतलेला लॅपटॉप, आणि जिभेला हाड नाही. पडवीत तुमचे तीन-चार सोबती बसलेत, आईने पोह्याचे पापड भाजून दिलेत. बॉयलरवाले काका विचारतात, बाजार पडलाय, आता शेअर विकावे का ठेवावे? तुम्ही लगेच उठून एक जुनं कॅलेंडर आणता, कारण मागे असा वाईट काळ आला तेव्हा भाव कसा वागला होता ते तुम्हाला त्यांना दाखवायचं असतं. बोट ठेवून म्हणता, "हे बघ, तवा सहाशे चाळीस व्हता." कोणी न विचारता मी लॅपटॉप उघडते, त्याच कंपनीचे जुने भाव काढते, तीच तारीख शोधते. तिथे चौसष्ट. पुढची तारीख, त्या पुढची, सगळीकडे तेच, तुमच्या आकड्याचा दहावा हिस्सा.

मी काय बोलले ते शब्दाला शब्द आठवतंय. "बाबा, तुम्हाला साधा आकडा तरी नीट उतरवता येतो का? चौसष्ट आहे. शून्य फुकट मिळतं म्हणून लावत सुटलात!" पडवीत हशा पिकला. तुम्ही म्हणालात, "अगो, मधी कंपनीनं एकाचे—" आणि मी तुम्हाला मध्येच तोडलं, "राहू द्या हो. आता मशीन सांगतंय ना?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. रागावला असतात तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. कॅलेंडर गुंडाळलंत, रबर लावलंत, आणि चहाचं बघतो म्हणून आत गेलात. आई आत चहाच करत होती.

एकाचे दहा. तेवढंच सांगायचं होतं तुम्हाला. दरम्यानच्या काळात कंपनीने दर्शनी दहा रुपयांच्या एका शेअरचे एकेक रुपयाचे दहा शेअर केले होते. शेअर दहापट झाले, म्हणून एकाचा भाव दहावा हिस्सा झाला, कोणाचं काही बुडालं नाही. पण जुने भाव तसेच ठेवले तर बघणाऱ्याला वाटेल की एका दिवसात कंपनी कोसळली. म्हणून संकेतस्थळवाले आधीचे सगळे भाव दहाने भागून दाखवतात. त्या दिवशी बाजारात खरोखर सहाशे चाळीसच होता. तुमचा आकडा खरा आणि मशीनचा भागलेला. जुने भाव वाचायला बसताना पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो, की मधे शेअरचे तुकडे झालेत का. मी आता मुलांना पहिल्याच तासाला हे सांगते. त्या रविवारी तो प्रश्न पडवीत एकाच माणसाला माहीत होता, आणि त्याला मी बोलू दिलं नाही.

तुकडे नेमके कधी झाले ते पत्र घरात सापडेना, म्हणून परवा रोह्याला बॉयलरवाल्या काकांकडे गेले. आता थकलेत, पण त्यांच्याकडे प्रत्येक कागद आहे. पत्र हातात देताना म्हणाले, "तुज्या बापाचं बरोबर व्हतं गो तवा." मी म्हटलं, तुम्हाला कधीपासून माहीत? "सोमवारी बसमधीच की. त्यानं सगळ्यांना समजावलं. बोलला, घरात पापडाची एक लाटी असते, तिच्या दहा बारक्या केल्या, तर पीठ तेवढंच ना? मंग बोलला, पोरीला कोनी काय बोलायचं नाय. ती आता मास्तरीण झाली, तिला पोरांसमोर उभं राहायचं हाय." बाबा, त्यानंतर वर्षभर ही माणसं दर रविवारी येऊन मला म्हणायची, "बघ गो तुज्या लॅपटॉपात." मी ऐटीत बघून सांगायची. तुम्ही बाजूला बसून ऐकायचात, मान डोलवायचात. चूक न कळलेली त्या पडवीत एकटी मीच होते.

उठताना काकांनी विचारलं, "त्यानं ठिपके दिले ते बघितलेस का?" कसले ठिपके, ते मला कळेना. कॅलेंडरं मी बघितली ती त्यासाठी, सीएंचं काम नंतर. जुन्या प्रत्येक चौकोनात शेवटच्या आकड्याआधी पेन्सिलीने एक ठिपका आहे. सहाशे चाळीसचे चौसष्ट, पाचशे बाराचे एक्कावन्न पूर्णांक दोन. वर्षामागून वर्षं, एकही चौकोन सुटलेला नाही. मग ज्या दिवशी शेअरचे तुकडे झाले त्या चौकोनात '१ चे १०' असं लिहिलंय, आणि त्याच्यापुढे एकही ठिपका नाही. काका म्हणाले, मी घरात नसले की तुम्ही माळ्याखाली स्टूल टाकून ते करत होतात, आणि कोणी विचारलं तर सांगायचात, "तिच्या मशीनशी जुळायला पायजे. कदी तिनं काडून बघितली तर तिचं तिला उमजंल." मी कधी काढून बघितलीच नाहीत. तुम्ही वाट बघितली असेल का हो?

आता जे लिहायला बसले ते. तुम्ही गेल्यावर मला हे समजलं, असंच सगळ्यांना सांगत आले. खोटं आहे. तुम्ही होतात तेव्हाच समजलं. वर्गात हाच धडा घ्यायचा होता, त्याची तयारी करताना पुस्तकात वाचलं. तेव्हा मी कॉलेजच्या गावी राहायचे; त्याच शनिवारी पेणला आले. तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होतात. आई देवळात गेली होती, घरात आपण दोघंच. मी समोर बसले, सोलायला लागले. तुम्ही म्हणालात, "नखानं नको गो, दाणा मोडतो. चिमटीत धरून दाब." पातेलं भरत आलं. मी तोंड उघडलं. तुम्ही हात थांबवून विचारलंत, "काय बोलतेस?" मी म्हटलं, "काय नाय." तुम्ही पुन्हा सोलायला लागलात. त्यानंतर तुम्ही आठ महिने होतात. मी दर आठवड्याला येत होते.

मला माफीची लाज वाटली नव्हती, बाबा. मला भीती होती की तुम्ही "असूंदे गो" म्हणाल आणि ते मला सहन होणार नाही. इतकी साधी, इतकी भिकार गोष्ट होती ती.

आज सकाळी कॅलेंडरं घेऊन सीएंकडे गेले होते. त्यांनी चष्मा लावून दोन-तीन वर्षं उलटली आणि खूश झाले. म्हणाले, "मॅडम, मूळ भावही आहे आणि भागलेलाही. एवढं शिस्तीत कोणी ठेवत नाही. हे ठिपके कोणी दिले?" ऑफिसात आणखी दोन माणसं बसली होती, त्यातली एक माझ्या विद्यार्थिनीची आई. मी म्हटलं, "मीच दिले, तेव्हा."

घरी येऊन हे लिहायला बसले. वर एका ठिकाणी लिहिलं होतं की सीएंना फोन करून खरं सांगितलं. ती ओळ खोडली आहे, कारण फोन अजून केलेला नाही.