देवघरातली पट्टी

मंगळवार, रिठद, संध्याकाळ

शी! तीन वेळा चूळ भरली, तरी तोंडातली त्या गुळाची चव जात नाही.

माझी पाळी वेळेवर येत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी घरी लघवीत बुडवून हार्मोन तपासायच्या पट्ट्या दिल्या आहेत. सकाळी दोन सारख्याच गडद रेघा आल्या. या पट्टीवर अशा दोन रेघा म्हणजे स्त्रीबीज सुटायची वेळ जवळ आली, एवढंच. पट्टी न्हाणीतल्या कोनाड्यात ठेवली आणि शाळेत शिकवायला गेले. लगेच फेकली का नाही मी?

परत आले तर पट्टी देवघरात, वर हळद-कुंकू! सासूबाईंना वाटलं, मला दिवस गेले. ती उचलून शेजारच्या काकूंच्या हातात देत होत्या, "पाय वं, दोन लाइनी हायेत!" आणि त्याच बोटांनी त्यांनी माझ्या तोंडात गूळ कोंबला.

मी थुंकलेच. सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, दिवस गेले नाहीत. थे पट्टी माह्या लघवीतली हाये."

काकू पदराला हात पुसत निघून गेल्या. आता गल्लीभर "नाही हो, काही नाही" सांगत मीच फिरायचं.

पाळीचे चार दिवस मला त्या देवघराला शिवू देत नाहीत. आज माझं मूत तिथे कुंकू लावून दिवसभर बसलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "देव बाटवला तुनं!" मी बाटवला?

मग त्यांनी देवघर शुद्ध केलं. गोमूत्र शिंपडून.

मी चौथ्यांदा चूळ भरायला उठले.